गोळीच्या आधी धमन्या

चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषाची ताठरता कमी पडायला लागली, की तो आधी काही महिने गप्प राहतो. मग एक दिवस घरापासून लांबच्या मेडिकलमध्ये जाऊन हळू आवाजात गोळी मागतो. पंचवटीतला माणूस त्यासाठी नाशिक रोड गाठतो, नाशिक रोडचा सीबीएसकडे येतो. आधीचं गिऱ्हाईक जाईपर्यंत टूथपेस्टचे भाव बघत उभा राहतो. गोळी मिळते, बहुतेकदा कामही करते, आणि विषय मिटला असं घरात दोघांनाही वाटतं. मला काळजी वाटते ती इथेच. अंगातल्या रक्तवाहिन्या बिघडत चालल्याची पहिली खूण हातात आलेली असते आणि ती कोणालाही न दाखवता झाकली जाते.

ताठरता म्हणजे रक्ताचं काम. मेंदूकडून निरोप गेला की लिंगातल्या मज्जातंतूंच्या टोकांतून आणि धमन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. त्याने धमन्या सैल होतात, आतल्या सच्छिद्र भागात रक्त भरतं, आणि तो भाग फुगला की बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन रक्त तिथेच टिकतं. रक्तवाहिन्यांना सैल करणारा हा निरोप्या वायू आहे, हे शोधणाऱ्या रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरीद मुराद यांना १९९८ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. साखर, रक्तदाब, तंबाखू आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल या चौघांचा पहिला मार बसतो तो याच अस्तरावर, आणि तो सगळ्या अंगातल्या धमन्यांवर एकाच वेळी बसतो. मग लक्षण आधी खालीच का दिसतं? लिंगाच्या धमन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या ३ ते ४ आणि मानेतल्या ५ ते ७. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही: पाण्यात क्षार असले की आधी ड्रिपर चोक होतात, मेन लाइनला काही झालंय हे फार उशिरा कळतं.

इटलीत मिलान इथे माँटोर्सी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये छातीत दुखतं म्हणून आलेल्या आणि अँजिओग्राफीत हृदयाच्या धमन्या अरुंद दिसलेल्या ३०० पुरुषांना नीट विचारलं. जवळजवळ निम्म्यांना ताठरतेची तक्रार होती. त्या निम्म्यांतल्या दर तिघांपैकी दोघांना ती छातीत दुखण्याच्या आधीपासून होती, सरासरी ३९ महिने आधी. तीन वर्षांहून जास्त काळ. एवढ्या काळात तंबाखू सुटते, साखर ताब्यात येते, कोलेस्टेरॉल खाली आणता येतं. पुढची सगळी कृती हा काळ वाया जाऊ नये यासाठी आहे.

आधी हे पाहा

चालताना, जिना चढताना किंवा संबंधाच्या वेळी छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, धाप यांपैकी काही होत असेल तर पुढचं वाचत बसू नका. त्रास आत्ता चालू असेल तर १०८ ला फोन करा. येऊन-जाऊन असेल तर उद्याच हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि ते होईपर्यंत गोळी आणि संबंध दोन्ही थांबवा.

चालताना पोटऱ्या, मांड्या किंवा ढुंगणात गोळा येतो आणि उभं राहिलं की थांबतो, असं असेल तर तेही डॉक्टरांना मुद्दाम सांगा. पोटातून पायाकडे जाणारी मोठी धमनी अरुंद झाली की पाय दुखणं आणि ताठरता जाणं ही जोडी एकत्र येते. गुडघ्याच्या नावाखाली ती वर्षानुवर्षं खपून जाते.

पहिली पायरी: लिहून काढा

एखाद-दोन वेळा जमलं नाही म्हणजे आजार नव्हे. दमणूक, दारू, भांडण, घरातलं आजारपण, कशानेही तसं होतं. तीन महिने हीच तऱ्हा राहिली तर मात्र वही घ्या आणि या गोष्टी लिहा.

तक्रार हळूहळू वाढली की एका दिवसात सुरू झाली? पहाटे झोपेत किंवा जाग येताना ताठरता येते का? एकट्याने असताना येते का? येतच नाही, की येऊन टिकत नाही? इच्छा पूर्वीइतकी आहे का?

यातून बरंच कळतं. अचानक सुरू झालेली, पहाटेची ताठरता शाबूत असलेली, आणि फक्त जोडीदारासोबत असतानाच जाणवणारी तक्रार बहुतेक मनाच्या ताणाकडे बोट दाखवते. सावकाश वाढत गेलेली, पहाटेसुद्धा नसलेली आणि इच्छा असूनही होणारी तक्रार धमन्यांकडे किंवा मज्जातंतूंकडे. इच्छाच गेली असेल तर संप्रेरकं आणि नैराश्य यांचा विचार करावा लागतो. अर्थात प्रत्यक्षात या तक्रारींची सरमिसळ असते: धमनीमुळे दोनदा फसगत झाली की तिसऱ्या वेळी भीतीच आडवी येते. म्हणून ‘टेन्शनमुळे होतंय’ असं स्वतःच ठरवून तपासण्या टाळू नका. वय चाळीसच्या आसपास असेल तर अजिबात नको, कारण त्या वयात हा इशारा जास्त गंभीर असतो.

त्याच पानावर चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं लिहा. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या आणि ॲटेनोलॉलसारख्या, नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या, प्रोस्टेटसाठी किंवा केस गळतीसाठी दिलं जाणारं फिनास्टेराइड, यांनी ताठरतेवर परिणाम होऊ शकतो. यादी डॉक्टरांना दाखवायची आहे. तिच्यातली कोणतीही गोळी मनाने बंद करायची नाही. रक्तदाबाची गोळी सोडून ताठरता परत मिळवायला गेलेल्या माणसाच्या धमन्या आणखी लवकर खराब होतात.

दुसरी पायरी: टेप आणि बीपीचं मशीन

शिवणकामाची टेप घ्या. शर्ट वर करून उभं राहा, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप गुंडाळा, सहज श्वास सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही आणि पँटचा नंबरही लिहायचा नाही, कारण पँट पोटाखाली बांधलेली असते. भारतीय पुरुषात ९० सेंटीमीटरच्या वर कंबर गेली की पोटातली चरबी धमन्यांना त्रास देण्याइतकी झाली असं धरतात.

रक्तदाब मोजताना लोक सगळ्यात जास्त घाई करतात. मशीन दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक नाहीत. पाच मिनिटं गप्प बसा, मोबाइल बाजूला. हात टेबलावर अशा उंचीला ठेवा की पट्टा छातीच्या पातळीला येईल. पट्टा उघड्या दंडावर बांधा, शर्टाच्या बाहीवरून नको. मशीन चालू असताना बोलू नका. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. असं सकाळी आणि संध्याकाळी सात दिवस करा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर रक्तदाब वाढलेला आहे. सातपूर-अंबडला रात्रपाळी करणाऱ्यांनी ‘सकाळ’ म्हणजे आपली झोप झाल्यानंतरची वेळ धरावी. पाळी संपवून आल्या आल्या मोजलेला आकडा फसवा असतो.

मशीन विकत घ्यायला जमत नसेल तर जवळचं आरोग्यवर्धिनी केंद्र, महापालिकेचा दवाखाना किंवा त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय इथे रक्तदाब आणि साखर तपासून मिळते. तिशी ओलांडलेल्यांची ही तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. तिथे ताठरतेचं नाव काढायचीही गरज नाही.

तिसरी पायरी: रक्त

रात्री जेवल्यावर आठ ते दहा तास फक्त पाणी, आणि सकाळी लवकर लॅबमध्ये. या तपासण्या मागा: उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टीएसएच, टेस्टोस्टेरॉन आणि लघवीची साधी तपासणी. टेस्टोस्टेरॉन सकाळीच सर्वांत जास्त असतं, त्यामुळे सातच्या पुढे आणि अकराच्या आत रक्त गेलं पाहिजे. दुपारी दिलेल्या रक्तात ते कमी दिसलं तर उगाच इंजेक्शनांच्या नादी लागणं होतं. कमी आलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

एचबीएवनसी गेल्या सुमारे तीन महिन्यांची साखर सांगतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ हा उंबरठा, १२६ आणि वर मधुमेह. ताठरतेच्या तक्रारीमुळेच आयुष्यात पहिल्यांदा साखर सापडली, असं डॉक्टर नेहमी पाहतात. तुम्हाला ती वाढलेली निघाली तर वाईट वाटून घेऊ नका. डोळे आणि किडनी अजून चांगल्या असताना ती सापडली.

कंपनीत वर्षाला होणाऱ्या तपासणीचे जुने कागद घरात असतील तर काढा. तीन वर्षांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, एकाखाली एक लिहिलं की चित्र आपोआप दिसतं.

चौथी पायरी: डॉक्टरांसमोर ते वाक्य बोला

इथेच बहुतेक जण परत फिरतात. ‘अशक्तपणा वाटतो’ असं सांगून व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊन घरी येतात. म्हणून वाक्य आधीच तयार ठेवा, हवं तर कागदावर लिहून तो कागद पुढे करा: ‘डॉक्टर, चार महिन्यांपासून ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही. धमन्यांचा त्रास असू शकतो असं वाचलंय. साखर, बीपी, हृदय तपासून घ्यायचंय.’ एवढं पुरे. मराठी माणसाला हा विषय छापील मराठीत नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं, खटले आणि दंड सोसले, आणि १९५३ मध्ये वारले तोपर्यंत ते मासिक चालवलं. असे प्रश्न विचारण्यात लाज नाही हे त्यांनी तेव्हा ठामपणे मांडलं होतं. आज दवाखान्याचं दार लावून घेऊन एका डॉक्टरला तेच सांगायला कचरण्याचं कारण नाही.

सुरुवात फॅमिली डॉक्टर किंवा एमडी मेडिसिन डॉक्टरांपासून करा. ते ईसीजी काढतील, पायाच्या नाड्या पाहतील, गरज वाटली तर ट्रेडमिल टेस्ट किंवा टूडी इको सांगतील. आडवं पडून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे हृदयाच्या धमन्या मोकळ्या आहेत असं होत नाही, हे लक्षात असू द्या. पुढे मूत्ररोगतज्ज्ञ लागले तर लिंगाची डॉपलर सोनोग्राफी करता येते. इंजेक्शनने ताठरता आणून धमनीतल्या रक्ताचा वेग मोजतात. ती प्रत्येकाला लागत नाही. नाशिकमध्ये शालिमारला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात हृदयरोग आणि मूत्ररोग दोन्ही विभाग आहेत, कामगार विमा असलेल्यांसाठी सातपूरचं कामगार विमा रुग्णालय आहे. अँजिओप्लास्टी किंवा बायपासची वेळ आलीच तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

भिंतींवर आणि एसटी स्टँडच्या आसपास ‘गुप्तरोग’ म्हणून रंगवलेल्या जाहिरातींकडे वळू नका. लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेक देशांत सापडलं आहे. हृदयाची औषधं चालू असलेल्याच्या पोटात ते नकळत जाणं जिवावर बेतू शकतं. कसं, ते पुढच्या पायरीत.

पाचवी पायरी: गोळी, आणि घरातलं सॉर्बिट्रेट

सिल्डेनाफिल मुळात छातीत दुखण्यावरचं औषध म्हणून तपासलं जात होतं. त्याचा हा दुसरा गुण चाचण्यांत लक्षात आला आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला ताठरतेसाठी परवानगी मिळाली. डॉक्टरांनी दिलं तर ते चांगलं औषध आहे, त्याच्याबद्दल अढी ठेवू नका. रिकाम्या किंवा हलक्या पोटी, साधारण एक तास आधी घ्यायचं. तेलकट जेवणावर घेतलं तर उशिरा चढतं. इच्छा नसेल तर नुसत्या गोळीने काही होत नाही. टाडालाफिलचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हृदयाच्या रुग्णाच्या घरात फ्रिजवर, देव्हाऱ्याशेजारी किंवा शर्टाच्या खिशात सॉर्बिट्रेटची स्ट्रिप असते. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी. ती नायट्रेट आहे. नायट्रेट आणि सिल्डेनाफिल दोन्ही त्याच नायट्रिक ऑक्साइडच्या वाटेने धमन्या सैल करतात, आणि एकत्र आली की रक्तदाब धाडकन कोसळतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट चालत नाही. रोजची नायट्रेटची गोळी, छातीला लावायचा पॅच किंवा निकोरँडिल चालू असेल तर ताठरतेची ही गोळी घ्यायचीच नाही. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगून डोस ठरवा.

नवरा गोळी लपवून ठेवतो, बायकोला माहीत नसतं. रात्री त्याच्या छातीत कळ येते आणि ती धावत जाऊन सॉर्बिट्रेट त्याच्या जिभेखाली ठेवते. तिने प्रेमाने आणि घाबरून केलेलं हे काम त्या एका लपवलेल्या गोष्टीमुळे जीवघेणं होऊ शकतं. म्हणून घरी सांगा. सांगणं जमत नसेल तर गोळीचं नाव आणि घेतल्याची वेळ एका चिठ्ठीवर लिहून औषधांच्या डब्यात ठेवा. आणि गोळी घेतल्यानंतर छातीत दुखलं तर जिभेखाली काही न ठेवता १०८ बोलवा, डॉक्टर आल्या आल्या पहिलं वाक्य हेच: अमुक गोळी, अमुक वाजता घेतली. ताठरता चार तासांहून जास्त वेळ उतरली नाही, तर तेही तातडीचं. सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

सहावी पायरी: धमन्यांचा इलाज

तंबाखू आधी. सिगारेट, विडी, तंबाखू-चुना, मिश्री, मावा, गुटखा, सगळं यात आलं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तरी तो मिळतो, तेव्हा बंदीच्या भरवशावर राहू नका. निकोटिन धमनी आवळतं, हे काही वर्षांनंतरचं नुकसान नाही, दर चिमटीला होणारं आहे. सुटत नसेल तर १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. तिथे समुपदेशक बोलतात आणि पुढे पाठपुरावाही करतात.

मग चालणं. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी ४० मिनिटं, मध्यम ते जोराचा व्यायाम, असं सहा महिने केलं तर ताठरता सुधारते असं संशोधनांच्या आढाव्यांत दिसलं आहे. वेग किती? बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतका. गोल्फ क्लबच्या मैदानावर पहाटे गप्पा मारत फिरणारे पुष्कळ दिसतात. गप्पा छान, पण त्यातली ४० मिनिटं श्वास लागेल अशी चाला. गोदापार्क, कृषीनगरचा ट्रॅक, जिथे जवळ पडेल तिथे. पायऱ्यांची सवय झाल्यावर पांडवलेणी चढा. घरच्या घरी तपासायची एक खूण: सपाट रस्त्यावर सुमारे दीड किलोमीटर २० मिनिटांत कसलाही त्रास न होता चालता आलं, तर संबंधाच्या वेळचा ताण हृदयाला बहुधा झेपतो. छातीत भरून आलं तर ‘आधी हे पाहा’ या भागात सांगितलंय तसं, थेट डॉक्टर.

खाण्याबद्दल थोडक्यात. नाशिककराला मिसळ सोडा म्हणणं अन्याय आहे. मोड आलेली मटकी तर हवीच. आठवड्यातून एकदा खा, मटकी जास्त घ्या, तर्री वरून निथळून घ्या, शेव-पापडाची दुसरी वाटी नको, पाव दोन पुरे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचा सपाट भरून, त्यात चिवडा, पापड, लोणचं सगळं आलं. ताटात डाळ, उसळ, भाजी, फळ वाढवा, शेंगदाणे मूठभर चालतील, मैदा आणि तळण कमी. आपल्याकडच्या वाइनला हृदयाचं औषध समजू नका. दारूने ताठरता सुधारत नाही.

जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं, हे असेल तर डॉक्टरांना सांगा. झोपेतला श्वास तुटला की रात्रभर प्राणवायू कमी पडतो आणि पहाटेची ताठरता जाते. बायको ही तक्रार जास्त अचूक सांगते, तिला विचारा.

साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलची औषधं डॉक्टरांनी लिहिली तर ती रोज घ्या. स्टॅटिनने ‘मर्दानगी जाते’ असं मित्र सांगतील. मोठ्या चाचण्यांत तसं आढळलेलं नाही, उलट थोडा फायदाच दिसला आहे.

सातवी पायरी: तीन महिन्यांनी पुन्हा

त्याच टेपने कंबर, त्याच मशीनवर सात दिवस रक्तदाब, त्याच लॅबमध्ये एचबीएवनसी आणि लिपिड. वहीतलं जुनं पान शेजारी ठेवून पुन्हा तेच प्रश्न लिहा. आठवड्यातून किती पहाटे ताठरता आली हे मांडून ठेवा. कंबर तीन-चार सेंटीमीटर उतरली आणि एचबीएवनसी खाली सरकलं असेल तर ताठरतेत अजून फरक नसला तरी चालू ठेवा. अस्तर सावरायला सहा महिने आणि कधी वर्ष लागतं.

जुना मधुमेह, प्रोस्टेटची शस्त्रक्रिया किंवा मज्जातंतूंना झालेली इजा असेल तर धमन्या सुधारूनही ताठरता पुरेशी येईलच असं नाही आणि गोळीचाही उपयोग होईलच असं नाही. तेव्हा मूत्ररोगतज्ज्ञांकडे निर्वात पंप, लिंगात घ्यायचं इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचं रोपण असे उपाय आहेत. त्या भेटीला दोघांनी मिळून जा. पंप कसा लावायचा आणि इंजेक्शन कसं घ्यायचं हे डॉक्टर दाखवतात तेव्हा दोघांनीही पाहिलेलं बरं असतं, आणि खर्चाचा आकडा दोघांच्या समोर विचारून घेता येतो.